पोरगा आत आहे, आता काय? सीमाभागातल्या मराठी घरांसाठी जामिनाची वाट

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातले एक आजोबा कोर्टाच्या व्हरांड्यात मला भेटले. छत्रीचं पाणी पायरीवर निथळत होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद काढला. "ताई, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा. नातवानं सही केलीया खाली." कागद कन्नडमध्ये होता, नातवाच्या अटकेची कारणं सांगणारा. सही मात्र मराठीत होती. पूर्ण नाव, शाळेत शिकवतात तसं, वरची रेघ नीट ओढून. ज्याला त्या कागदातली एक ओळ वाचता येत नव्हती, त्यानं "मला समजलं" असं म्हणून त्याखाली नाव लिहून दिलं होतं.

मी बेळगावात फौजदारी वकिली करते. पक्षकारांच्या घरच्यांना जे रोज तोंडी सांगते, ते इथं सविस्तर लिहिते आहे. वकील तर लागणारच. पण कोर्टापुढं आरोपीची ओळख उभी करणारे कागद, तारखांची मोजणी आणि जामीनदार या तिन्ही गोष्टी घरच्यांच्या हातात असतात. वकिलाच्या युक्तिवादापेक्षा घरच्यांनी वेळेत जमवलेल्या कागदांवर जामीन मिळाल्याचं मी जास्त वेळा पाहिलं आहे.

फोन आल्यावर पहिले चोवीस तास

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कोर्टात सगळे तिला बीएनएसएस म्हणतात. कलमांचे आकडे बदलले, मुळातले हक्क तेच राहिले आणि काही ठिकाणी वाढले.

फोन आला की आधी तीन गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा: कुठलं पोलीस स्टेशन, क्राइम नंबर काय, कलमं कोणती. एफआयआरची प्रत पोलिसांकडून मिळाली नाही तर पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला आहे. लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशा नाजूक प्रकरणांना त्यातून सूट आहे.

अटक झाली म्हणजे नेमकी कधी झाली, ही वेळ महत्त्वाची. बीएनएसएसचं कलम ५८ (पुढं नुसतं कलम म्हटलं की सहसा बीएनएसएसचंच) आणि संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. "नुसतं चौकशीला बोलावलंय" असं सांगून रात्रभर बसवून ठेवलं आणि अटक दुसऱ्या दिवशी दुपारची दाखवली, असं घडू शकतं. म्हणून पोरगा घरातून किती वाजता नेला, कोणत्या गाडीतून, शेजारपाजारचं कोण बघत होतं, दुकानाच्या कॅमेऱ्यात काही आलंय का, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. आठ दिवसांनी कुणालाच वेळ आठवत नाही.

आता भाषेचा मुद्दा. आपल्या भागासाठी मी त्याला सगळ्यात वर ठेवते. अटकेची कारणं सांगणं हा अनुच्छेद २२ चा आणि बीएनएसएसच्या कलम ४७ चा हक्क. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्पष्ट केलं की गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच लेखी देणं शक्यच नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याच्या निदान दोन तास आधी लेखी प्रत हातात पडली पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसासाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. ठाण्याचं कामकाज कन्नडमध्ये चालणार, त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. पण ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याच्या हातात मराठी प्रत द्यावी लागेल. आत असलेल्या माणसाला भेटायला मिळालं तर एवढंच सांगा: सही करायचीच झाली तर सहीच्या वर मराठीत लिही, "मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर मला मराठीत मिळालेला नाही", आणि वेळ घाल. त्या आजोबांच्या नातवानं एवढी ओळ लिहिली असती तर पहिल्याच दिवशी मला कोर्टात वेगळ्या जोरानं उभं राहता आलं असतं. अर्थात ज्याचं शिक्षण कन्नड माध्यमात झालंय किंवा जो कन्नडमध्ये अर्ज लिहितो, त्यानं हा मुद्दा काढू नये. सरकारी वकील शाळेचा दाखला पुढं करतील, आणि एका खोट्यापायी बाकीचं खरंही संशयात जाईल.

याच चोवीस तासांत पोलिसांनी नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला अटकेची खबर द्यायची असते (कलम ४८), वैद्यकीय तपासणी करायची असते, आणि चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटू द्यायचं असतं. वकिलाला पूर्ण वेळ शेजारी बसू देत नाहीत, पण भेटीचा हक्क आहे. पैसे नसतील तर १५१०० या राष्ट्रीय विधी सेवा क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. ही १९८७ च्या कायद्यातली तरतूद आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गुन्हा कुठल्या खणातला?

एफआयआरमधली कलमं वकिलाला दाखवा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: जामीनपात्र आहे का? असेल तर जामीन हा हक्क आहे (कलम ४७८), ठाण्यातच मिळायला हवा. जामीनदार मिळत नसेल आणि आठवडा उलटला तर कायदा त्या माणसाला गरीब मानतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल, अगदी अजामीनपात्र असला तरी, अटक ठरलेली नसते. २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून पोलिसांना अटक का गरजेची आहे याची कारणं लिहावी लागतात. अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. नोटीस पाळणाऱ्याला साधारणपणे अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरीही मोबाईलवर आलेली नोटीस दुर्लक्षू नका. वकिलाला सोबत घेऊन हजर व्हा, नोटिशीच्या पद्धतीवरचा आक्षेप नंतर घेता येतो.

आपल्याकडं आणखी एक प्रकार नेहमी गोंधळ उडवतो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाच्या किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या आगेमागे कार्यकर्त्यांना उचलतात, ते पुष्कळदा प्रतिबंधात्मक असतं. कलम १७० खाली अशी अटक २४ तासांहून जास्त चालत नाही. कलम १२६ खाली शांततेचा बाँड (लेखी हमी) मागतात, तो कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं द्यायचा असतो. हे जामिनाचं प्रकरण नाही, त्यामुळं जामीन अर्जाची धावपळ करू नका. मात्र त्या बाँडमध्ये काय कबूल करताय ते वाचून घ्या. बाँडच्या मुदतीत काही घडलं तर ती रक्कम जप्त होते.

आरोपी १८ वर्षांच्या आतला असेल तर हा लेख त्याला लागूच होत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं आणि तिथं सोडणं हाच नियम आहे. जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला त्याच दिवशी घेऊन धावा.

पहिलं रिमांड

मॅजिस्ट्रेटपुढचा पहिला दिवस पाच मिनिटांत संपतो. खानापूरला असो, निपाणीला असो, बेळगावला असो, चित्र तेच. पोलीस रिमांड अर्ज देतात, सरकारी वकील दोन वाक्यं बोलतात, आरोपी दोरीला धरल्यासारखा कोपऱ्यात उभा. साहेब विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" आणि पोरगं घाबरून मान हलवतं. ती हललेली मान आदेशात "तक्रार नाही" होऊन बसते.

म्हणून आधीच सांगून ठेवा. मारलं असेल तर तिथंच सांग, मराठीत सांग, जखम दाखव. आमच्या कोर्टांत साहेबांना, नाहीतर बेंच क्लार्कला मराठी कळतंच. नाही कळलं तर वकील सांगेल, किंवा दुभाषा मिळेल. अटकेची कारणं मराठीत मिळाली नाहीत, हेही पहिल्याच दिवशी नोंदवायचं.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच मिळते. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागायची. आता कलम १८७ मुळं ती तुकड्यातुकड्यानं, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत घेता येते. त्यामुळं "न्यायालयीन कोठडी झाली, आता पोलीस परत नेणार नाहीत" असं समजून निर्धास्त होऊ नका. पोलीस कोठडी मागताना ती कशासाठी हवी, हे अर्जात लिहावं लागतं: हत्यार काढायचंय, मोबाईल काढायचाय, साथीदार शोधायचेत. वकिलानं तिथं एकेका कारणावर बोलायचं. मोबाईल जप्त झालाच असेल तर मोबाईलसाठी कोठडी कशाला?

कुठल्या कोर्टात जायचं

खून, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून बाकी बहुतेक अजामीनपात्र गुन्ह्यांत मॅजिस्ट्रेट जामीन देऊ शकतात. आरोपी स्त्री असेल, आजारी किंवा अपंग असेल तर फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांतही देऊ शकतात (कलम ४८०). तिथं नाकारला, किंवा गुन्हा मोठा असला, तर सत्र न्यायालय. बेळगावचं मुख्य सत्र न्यायालय शहरात आहे. निपाणी-चिक्कोडी पट्ट्यासाठी चिक्कोडीत अतिरिक्त सत्र न्यायालय बसतं. तिथून पुढं धारवाड. बेळगाव जिल्ह्याचं उच्च न्यायालय म्हणजे धारवाडचं खंडपीठ, २०१३ पासून ते कायमचं आहे. बेंगळूरला जायची गरज नाही. अजूनही कुणी तसं सांगून पैसे घेत असेल तर सावध व्हा.

सीमेमुळं एक वेगळीच अडचण येते. माणूस राहतो बेळगाव तालुक्यात, भांडण झालं चंदगड तालुक्यात, गुन्हा नोंदला महाराष्ट्रात. तेव्हा नियमित (अटकेनंतरचा) जामीन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोर्टात मागायचा, आणि उच्च न्यायालय म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. पण अटक टाळण्यासाठी तातडीनं काही हवं असेल तर स्वतः राहत असलेल्या राज्यातही मर्यादित काळाचा, तिकडच्या कोर्टात पोहोचण्यापुरता अटकपूर्व जामीन मागता येतो. प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक राज्य या २०२३ च्या निकालानं हा रस्ता खुला केला. उलटही तसंच. त्यासाठी तिकडच्या कोर्टात लगेच जाता का येत नाही, हे पटवून द्यावं लागतं. तासाभरात चंदगड गाठणाऱ्याला ते पटवणं अवघड, हेही लक्षात ठेवा.

अटकपूर्व जामीन (कलम ४८२) सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मागायचा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ नं तो बंद केला आहे, मात्र तक्रारीतून सकृतदर्शनी तो गुन्हाच बनत नसेल तर कोर्ट ऐकून घेतं.

न्यायाधीश काय तोलतात

जामिनाच्या टप्प्यावर न्यायाधीश पोरगा निर्दोष आहे की दोषी, हे ठरवत नसतात. घरचे लोक "त्यानं काही केलंच नाही" हे सांगण्यात सगळी शक्ती घालवतात आणि कोर्टाला जे हवं असतं ते देतच नाहीत. कोर्टाला मुख्यतः तीन गोष्टींची खात्री हवी असते. हा माणूस तारखेला येईल का? साक्षीदारांना धमकावेल का, पुराव्याला हात लावेल का? सुटल्यावर परत तसंच काही करेल का? त्याला जोडून आरोप किती गंभीर, शिक्षा किती, पहिल्या नजरेला पुरावा किती वजनदार, आणि आधीचे गुन्हे किती, हे पाहतात. प्रशांत कुमार सरकार विरुद्ध आशिष चॅटर्जी या २०१० च्या निकालात ही यादी आहे, आणि जामीन आदेशांतून ती सतत भेटते.

"पळून जाईल" हा मुद्दा आपल्या भागात सरकारी वकिलांचा ठेवणीतला असतो. "माय लॉर्ड, आरोपीचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत, सीमा वीस किलोमीटरवर आहे, सुटला तर सापडणार नाही." ऐकायला बिनतोड वाटतं. पण सीमाभागात कुणाचे नातेवाईक पलीकडं नाहीत? बहीण गडहिंग्लजला दिलेली, मामा कागलला, देव जोतिबाला. सीमेपलीकडं सोयरीक असणं म्हणजे पळून जाण्याची तयारी नव्हे, हे कोर्टाला कागदांनी दाखवून द्यायचं.

ते कागद कोणते? रेशन कार्ड आणि आधार, ज्यात इथला पत्ता आहे. घराची घरपट्टी भरल्याच्या, शक्यतो अनेक वर्षांच्या पावत्या. शेती असेल तर आरटीसीचा उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. आरोपीच्या मुलांचा शाळेचा बोनाफाइड, कारण शाळेत जाणारं पोर घरात असलेला बाप सहसा घर सोडत नाही. कारखान्यात असेल तर मालकाचं पत्र: किती वर्षं कामाला आहे, सुटल्यावर परत घेणार का. उद्यमबागच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करणाऱ्या पोराच्या प्रकरणात आम्ही त्याच्या पाच वर्षांच्या पगाराच्या नोंदी आणि म्हाताऱ्या आईचं डायलिसिसचं कार्ड जोडलं होतं. कार्डावर दर आठवड्याच्या तारखा होत्या, आणि नेणारा म्हणून त्याचंच नाव प्रत्येक ओळीत. न्यायाधीशांनी ते कार्ड हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहिलं. आदेशात "समाजात घट्ट मुळं असलेला" हा शब्दप्रयोग आला, तो त्या कार्डामुळं आला असं मला आजही वाटतं.

साक्षीदारांना धमकावण्याचा मुद्दा गावातल्या भांडणात खरा असतो, तो उडवून लावू नका. फिर्यादी आणि आरोपी एकाच गल्लीत राहत असतील तर आपणहूनच अर्जात लिहा: खटला चालेपर्यंत आरोपी अमुक गावी आत्याकडं राहील, फिर्यादीच्या घराकडं जाणार नाही. अशी अट तुम्ही देऊ केली की कोर्टाचं काम निम्मं सोपं होतं. घरच्या कुणीही फिर्यादीला भेटायला, "मिटवून टाक" म्हणायला जाऊ नये. चांगल्या मनानं गेलेल्या काकांच्या एका फेरीमुळं जामीन नाकारला गेलेला मी पाहिला आहे.

आधीचे गुन्हे आणि आधीचे फेटाळलेले जामीन अर्ज लपवू नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधीच्या अर्जांचा तपशील नव्या अर्जात द्यायलाच सांगितलं आहे. पोलीस तो काढणारच. लपवलेलं सापडलं की बाकी सगळे चांगले कागद फुकट जातात.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात तपासभर अटक झाली नसेल आणि आरोपीनं सहकार्य केलं असेल, तर चार्जशीटनंतर (दोषारोपपत्रानंतर) त्याला कोठडीत घालायची गरज नाही, असं २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात आहे. त्याच निकालात साधा जामीन अर्ज दोन आठवड्यांत आणि अटकपूर्व सहा आठवड्यांत निकाली काढावा, असंही सांगितलं आहे. तारीख पुढं ढकलली जात असेल तर वकिलानं हा निकाल पुढं ठेवावा. अमली पदार्थांचा कायदा (कलम ३७), युएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग यांत मात्र तराजू आरोपीच्या विरुद्ध झुकवून ठेवलेला आहे. तिथं "दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे" असं कोर्टाला वाटावं लागतं किंवा त्याच्या जवळपासची अट असते. तिथं अनुभवी वकीलच हवा.

जामीनदार: इथंच सगळे अडकतात

शुक्रवारी जामीन मंजूर, पोरगं सुटलं पुढच्या बुधवारी. कारण जामीनदार म्हणून उभे राहिलेले मामा पलीकडच्या गावचे. त्यांनी आणलेला सातबारा पाहून कागद तपासणाऱ्यानं मान हलवली: "हे महाराष्ट्राचं, इथलं पाहिजे." मामा पहाटे उठून तलाठ्याकडून सही-शिक्क्याचा सातबारा घेऊन आले होते. ते कागद तसेच हातात धरून ते बाकावर बसून राहिले. घरच्यांनी मग इथला उतारा असलेला दुसरा माणूस शोधला, त्यात चार दिवस गेले.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच निकाल दिला आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारण्यात आलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते साफ चुकीचं ठरवलं: दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या राज्यातला जामीनदार फक्त त्या कारणानं नाकारता येत नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या जामिनाच्या मार्गदर्शक आदेशातही सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळं सुटका लांबते हे मान्य करून तशी अट घालू नये असं सुचवलं आहे. वकिलाला सांगा: जामीन अर्जाच्या सुनावणीतच "महाराष्ट्रातला जामीनदार चालेल" अशी स्पष्ट ओळ आदेशात मागून घ्या. आदेशात ओळ असली की खिडकीवर वाद होत नाही.

जामीनदाराला काय लागतं? आधार, फोटो, राहत्या घराचा पुरावा, आणि बाँडच्या रकमेइतकी ऐपत दाखवणारा कागद. जमीन असेल तर उतारा किंवा सातबारा, नोकरदार असेल तर पगारपत्रक. महाराष्ट्राचा सातबारा असेल तर तो ताजा, सही-शिक्क्याचा असावा. कोर्टात मराठी वाचणारं कुणी नसेल तर साध्या भाषेतलं कन्नड भाषांतर सोबत जोडा. मागे कुणासाठी जामीन राहिला आहे का, हेही जामीनदाराला शपथेवर सांगावं लागतं (कलम ४८६).

कोर्टाच्या बाहेर भाड्यानं जामीनदार मिळतात. दोन-तीन हजारांत "उभे राहतो" म्हणणारे. त्यांच्या जवळपासही जाऊ नका. कागद बनावट निघाला तर नवा गुन्हा, आणि तो आरोपीवरही.

जामीनदार मिळतच नसेल तर काय? रोख रक्कम भरण्याची परवानगी मागता येते. रक्कम झेपत नसेल तर ती कमी करून मागता येते, कारण कलम ४८४ म्हणतं की बाँडची रक्कम अवाजवी नसावी. अनेक गुन्ह्यांत वेगवेगळे जामीनदार मागितले असतील तर २०२४ च्या गिरीश गांधी निकालाप्रमाणे तेच जामीनदार सगळीकडं चालावेत अशी विनंती करता येते. २०२३ च्या आदेशाप्रमाणे जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात बाँड देता आला नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. घरच्यांनी वाट बघत बसू नये. आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन नाव आणि केस नंबर द्या. गरीब कैद्यांचा जामीन सरकारनं भरावा अशी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे, तिचीही चौकशी तिथंच करा.

दिवस मोजा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी पहिलं रिमांड झालं त्या तारखेला गोल करा आणि तोच पहिला दिवस धरा. हे २०२३ च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालानं ठरलं आहे. बहुतेक गुन्ह्यांत ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क होतो. १ मार्चला रिमांड झालं असेल तर ६० वा दिवस २९ एप्रिल. चार्जशीट आली नसेल तर ३० एप्रिलला कोर्ट उघडताच अर्ज टाकायचा.

अर्ज आधी टाकायचा, चार्जशीट नंतर आली तरी हक्क जात नाही. पण अर्ज न करता बसलात आणि दुपारी चार्जशीट दाखल झाली तर तो हक्क गेला. म्हणून ५८ व्या दिवशीच वकिलाला आठवण करा, बाँडची तयारी ठेवा. "दहा वर्षांपर्यंत" शिक्षेच्या गुन्ह्यात ६० दिवस की ९० हा वाद वकिलाला घालू द्या. जुन्या कायद्याखाली राकेश कुमार पॉल निकालात (२०१७) आरोपीच्या बाजूनं ६० दिवसांचा अर्थ लावला होता. अमली पदार्थांच्या मोठ्या साठ्यात हीच मुदत १८० दिवस असते.

खटला वर्षानुवर्षं चालत नसेल तर कलम ४७९ पाहा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ आत काढल्यावर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. मॅजिस्ट्रेटपुढच्या अजामीनपात्र खटल्यात पुराव्यासाठी ठरलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी आतच असेल, तरीही जामीन मागता येतो.

आदेशातल्या अटी वाचून घ्या

"राज्याबाहेर जाऊ नये" ही अट बेंगळूरच्या माणसाला कदाचित खुपत नसेल. आपल्याकडं ती पोटावर पाय देते. शिनोळीच्या कारखान्यात कामाला जाणारा कर्नाटकातला पोरगा रोज सीमा ओलांडतो. कागवाड-अथणीची माणसं दवाखान्यासाठी मिरजेला जातात. ऊस तोडायला, भाजी विकायला, माहेरपणाला, लग्नाला, सगळं पलीकडं. अशी अट आदेशात आली तर पहिल्या दिवशी कामावर गेलेला पोरगा जामिनाची अट मोडलेला ठरतो. म्हणून सुनावणीतच वकिलानं कामाचं ठिकाण, दवाखान्याचं नाव, शेताचा गट नंबर सांगून तेवढी सूट आदेशात लिहून घ्यावी. नंतर अट बदलायचा अर्ज करता येतो, पण त्यात पुन्हा तारखा पडतात.

पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर दर हजेरीची सही झाली की रजिस्टरच्या पानाचा नंबर आणि वेळ वहीत लिहा. हजेरी लावूनही "आला नाही" असं कळवलं गेल्यावर त्या वहीनंच एका घराला वाचवलं. मोबाईलवर सतत ठिकाण कळवत राहण्याची अट आली तर २०२४ च्या फ्रँक व्हिटस निकालाकडं वकिलाचं लक्ष वेधा. जामिनावरच्या माणसाचा क्षणाक्षणाचा ठावठिकाणा पोलिसांना देत राहण्याची अट घालता येत नाही, असं त्यात आहे.

जामीनदार कोर्टात सही करून आले की आदेश हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. त्याच दिवशी सुटका होईल की दुसऱ्या दिवशी, हे आदेश तिथं किती वाजता पोहोचतो यावर अवलंबून. वकिलाकडून आदेशाची प्रत तुरुंगाच्या ईमेलवर गेली का ते विचारा, आणि शक्य असेल तर घरातलं एक माणूस दुपारपासून गेटवर ठेवा. दुसऱ्या कुठल्या प्रकरणात नाव अडकलेलं नाही ना, याची चौकशी आदल्या दिवशीच करून घ्या, कारण तसं असलं तर गेटवरूनच परत नेतात. सोबत एक जोड कपडे, चप्पल आणि आदेशाची झेरॉक्स न्या. ती झेरॉक्स पुढच्या तारखेपर्यंत पोराच्या खिशात राहू दे.